आकडा तोच, रंग वेगळा : कलर प्रोफाइल, मॉनिटर आणि छपाई

डिजिटल छायाचित्रांच्या छपाईबद्दल माझ्या कानावर सर्वाधिक वेळा येणारी तक्रार ठरलेली असते : पडद्यावर चित्र छान दिसत होते, पण कागदावर ते काळवंडले, किंवा चेहऱ्यांवर तांबूस झाक आली, किंवा निळे आकाश जांभळट झाले. याचा दोष आधी प्रिंटरला दिला जातो, मग शाईला आणि शेवटी कागदाला. प्रत्यक्षात यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ फाइल प्रिंटरपर्यंत पोहोचण्याच्या आधीच रुजलेले असते. ते समजून घ्यायचे, तर फाइलमध्ये रंग साठवलेला नसतो, केवळ आकडे साठवलेले असतात, इथपासून सुरुवात करावी लागते.

एखाद्या बिंदूची नोंद ‘लाल २५५, हिरवा ०, निळा ०’ अशी असेल, तर तिचा अर्थ एवढाच की समोरच्या यंत्राने आपल्याला जमेल तेवढा तीव्र लाल दाखवावा. आता प्रत्येक मॉनिटरचा लाल वेगळा, प्रोजेक्टरचा त्याहून वेगळा, आणि बहुतेक प्रिंटरांकडे तर लाल शाईच नसते. मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळ्या शाईचे ठिपके एकमेकांवर टाकून ते लाल घडवतात. एकच आकडा पाच यंत्रांना दिला तर पाच निरनिराळे लाल मिळतील, आणि त्यांतला कोणताही चुकीचा म्हणता येणार नाही. कलर प्रोफाइल ही या आकड्यांना अर्थ देणारी छोटी फाइल असते. अमुक यंत्रावर किंवा अमुक कलर स्पेसमध्ये, म्हणजे रंगांच्या ठरावीक पसाऱ्यात, हा आकडा म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसणारा नेमका कोणता रंग, हे तिच्यात नोंदवलेले असते. डोळ्याला दिसणारा रंग आकड्यांत मांडण्याची पद्धत सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली ठरवून दिली आणि तिच्याच आधारे १९७६ साली लॅब ही मांडणी आली. पुढे १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केले. आपण आज वापरतो ती आयसीसी प्रोफाइलची रचना तिथली. प्रत्येक यंत्राची दुसऱ्या प्रत्येक यंत्राशी वेगळी गाठ घालण्याऐवजी सर्वांनी आपापले आकडे एका सामाईक, यंत्रनिरपेक्ष मांडणीत आणायचे, ही त्यामागची कल्पना आहे. दहा कॅमेरे आणि दहा प्रिंटर असतील तर शंभर तक्त्यांऐवजी वीस पुरतात.

छायाचित्रकाराचा रोजचा संबंध येतो तो मुख्यतः तीन कलर स्पेसशी. एसआरजीबी ही एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली मांडली आणि १९९९ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्या काळच्या सर्वसाधारण सीआरटी मॉनिटरला झेपतील तेवढेच रंग तिच्यात घेतलेले आहेत. ॲडोबी आरजीबीचा जन्म मात्र गमतीशीर आहे. १९९८ साली फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत एका दूरचित्रवाणी मानकाच्या नावाने एक कलर स्पेस देण्यात आली होती. त्या मानकाच्या कागदपत्रांतले आकडे उचलताना गफलत झाल्याचे नंतर लक्षात आले, पण छपाईसाठी ती इतकी सोयीची ठरली होती की ती दुरुस्त करण्याऐवजी तिचे नावच बदलून ॲडोबी आरजीबी १९९८ असे ठेवण्यात आले. तिसरी, कोडॅककडून आलेली प्रोफोटो आरजीबी, इतकी विस्तीर्ण आहे की तिच्यातल्या काही आकड्यांना डोळ्याला दिसू शकेल असा रंगच नाही.

एसआरजीबी आणि ॲडोबी आरजीबी यांची लाल आणि निळी टोके एकच आहेत. फरक आहे तो हिरव्या टोकात, आणि त्यामुळे हिरव्या व निळसर हिरव्या बाजूला ॲडोबी आरजीबी बरीच पुढे जाते. छपाई करणाऱ्याला याचे महत्त्व अशासाठी, की चांगल्या गुळगुळीत कागदावर पूर्ण तीव्रतेने छापलेली सायन (हिरवट निळी) शाई एसआरजीबीत मावत नाही. म्हणजे प्रिंटरला जमणारा रंग फाइलमध्ये आधीच कापला गेलेला असू शकतो.

आता मी ज्याला या विषयातला कळीचा मुद्दा मानतो, तो असाइन आणि कन्व्हर्ट या दोन आज्ञांमधला फरक. फोटोशॉपमध्ये एसआरजीबीतला एक चौकोन शुद्ध हिरव्याने, म्हणजे ०, २५५, ० ने भरावा, आणि मग त्याचे ॲडोबी आरजीबीत रूपांतर करून इन्फो पॅनेल पाहावे. आकडे १४४, २५५, ६० असे झालेले दिसतील, आणि चौकोन मात्र पडद्यावर जराही बदललेला दिसणार नाही. लालाचे तसेच केले, तर २५५, ०, ० चे २१९, ०, ० होते. रंग कायम ठेवून आकडे बदलणे, हे झाले कन्व्हर्ट. याच्या उलट त्याच मूळ चौकोनाला ॲडोबी आरजीबी प्रोफाइल असाइन केले, तर आकडा ०, २५५, ० असाच राहील, पण आता तो ॲडोबी आरजीबीचा हिरवा म्हणून वाचला जाईल आणि रुंद गामटच्या, म्हणजे जास्त रंग दाखवू शकणाऱ्या, मॉनिटरवर चटकन भडक होईल. आकडे कायम ठेवून त्यांचा अर्थ बदलणे, हे झाले असाइन. किमतीपुढचे चलनाचे चिन्ह बदलावे आणि आकडा मात्र तोच ठेवावा, तसा हा प्रकार आहे. तेव्हा असाइन ही आज्ञा एकाच प्रसंगी योग्य ठरते : फाइलचे प्रोफाइल हरवलेले आहे आणि ते मुळात कोणते होते हे आपल्याला ठाऊक आहे, किंवा दोन-तीन पर्याय लावून पाहून ओळखता येणार आहे. रंग जास्त खुलतात म्हणून एसआरजीबी फाइलला ॲडोबी आरजीबी असाइन करण्याचा सल्ला मी वाचलेला आहे. रंग खुलवायचे असतील तर सॅच्युरेशनचा स्लायडर त्यासाठीच दिलेला असतो.

प्रोफाइल हरवते कसे, तर बहुधा सेव्ह करताना. एक्सपोर्टच्या खिडकीत प्रोफाइल एम्बेड करण्याचा चौकोन रिकामा राहतो, किंवा एखादी संदेशसेवा फाइल आकसवताना ते काढून टाकते. प्रोफाइल नसलेल्या चित्राला बहुतेक प्रोग्रॅम एसआरजीबी समजतात, म्हणून मुळात एसआरजीबी असलेल्या फाइलचे फारसे बिघडत नाही. पण ॲडोबी आरजीबीतली फाइल प्रोफाइलशिवाय पुढे गेली की ती फिकी, मातकट दिसू लागते. जागा वाचवण्यासाठी प्रोफाइल गाळण्याला तर काहीच अर्थ नाही. एसआरजीबीचे प्रचलित प्रोफाइल ३,१४४ बाइटचे असते आणि ॲडोबी आरजीबीचे अवघे ५६० बाइटचे. कॅमेऱ्यातली कलर स्पेसची निवड, जाता जाता सांगायचे तर, जेपेग फाइलपुरतीच लागू होते. रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीला, कलर स्पेस मिळते ती रॉ कन्व्हर्टरमधून बाहेर पडताना. ॲडोबी आरजीबीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातल्या फाइलींची नावे अधोरेषेने सुरू होतात, त्यावरून ती निवड नंतरही ओळखता येते.

मग संपादनासाठी कोणती कलर स्पेस घ्यावी? रॉवरून काम करायचे असेल आणि पुढे स्वतः छापायचे असेल, तर १६ बिटमध्ये प्रोफोटो आरजीबी घेण्यास माझी हरकत नाही. मात्र ८ बिटमध्ये ती घेऊ नये. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, आणि त्याच पायऱ्या मोठ्या पसाऱ्यावर ताणल्या की दोन पायऱ्यांतले अंतर वाढते व आकाशासारख्या सावकाश बदलणाऱ्या भागांत पट्टे दिसू लागतात. जेपेगच हाती असेल तर ज्या कलर स्पेसमध्ये ती आली तिथेच काम करावे. एसआरजीबीतून ॲडोबी आरजीबीत गेल्याने नवे रंग येत नाहीत. मोठ्या भांड्यात ओतल्याने पाणी वाढत नाही, हे इथे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. आणि मॉनिटरचे प्रोफाइल वर्किंग स्पेस, म्हणजे संपादनाची कलर स्पेस, म्हणून कधीही निवडू नये. ते त्या एका मॉनिटरचे वर्णन असते, आणि मॉनिटर बदलला किंवा जुना झाला की त्या फाइलींचा आधारच जातो.

मॉनिटरकडे जरा सविस्तर पाहायला हवे, कारण आपले सगळे निर्णय तिथे होतात. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइलिंग ही दोन वेगळी कामे आहेत, जरी ती एकाच उपकरणाने एकापाठोपाठ होत असली तरी. कॅलिब्रेशनमध्ये मॉनिटरला ठरलेल्या स्थितीत आणले जाते : पांढऱ्याची छटा, उजेड आणि गामा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जातो ते) यांची लक्ष्ये ठरवून त्याला तिथपर्यंत नेले जाते. प्रोफाइलिंगमध्ये त्या स्थितीत तो प्रत्यक्षात कसे रंग दाखवतो हे मोजून लिहून ठेवले जाते. म्हणून प्रोफाइल तयार झाल्यावर कोणी मॉनिटरच्या बटणांनी उजेड कमी-जास्त केला, तर मोजलेले वर्णन आणि प्रत्यक्ष मॉनिटर यांची फारकत होते. काम करताना हात त्या बटणांकडे जाऊ नये, यासाठी ती लॉक करण्याची सोय अनेक मॉनिटरांत असते आणि ती वापरावी. मोजणीपूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा, कारण गार मॉनिटरचे रंग स्थिर नसतात. नुसत्या डोळ्यांनी, पडद्यावरच्या पट्ट्या पाहून केलेल्या कॅलिब्रेशनवर माझा विश्वास नाही; डोळा समोरच्या पांढऱ्याशी काही मिनिटांत जुळवून घेतो, आणि हा त्याचा गुण मोजमापाच्या कामात अडचणीचा ठरतो. पडद्याचा रंग मोजणारा साधा कलरिमीटरही इथे डोळ्यापेक्षा भरवशाचा ठरतो.

छपाई काळोखी आल्याच्या तक्रारीचे कारण जवळजवळ नेहमी मॉनिटरचा उजेड असते. नवे मॉनिटर उजळ खोलीतही लखलखीत दिसावेत अशा बेताने ३०० कॅंडेला प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जास्त उजेडावर येतात. छपाईशी ताडून पाहायचे असेल तर ८० ते १२० पुरेसे असतात. अति उजळ पडद्यावर चित्र संपादित करणारा माणूस नकळत ते गडद करत जातो, कारण त्याला पडद्यावर ते उजळ दिसत असते. रंग व्यवस्थापनाने हे सुटत नाही. प्रोफाइल हे त्या मॉनिटरच्या सर्वांत उजळ पांढऱ्याला पांढरा धरून चालते. तो पांढरा टेबलावरच्या कागदाच्या तिप्पट उजळ आहे, याची त्याला दखल नसते. एक सोपा पडताळा असा : पडद्यावर रिकामे पांढरे पान उघडावे, शेजारी कोरा छपाईचा कागद ज्या उजेडात चित्र पाहायचे त्या उजेडात धरावा, आणि दोन्ही साधारण सारखेच उजळ दिसेपर्यंत मॉनिटरचे लक्ष्य खाली आणून पुन्हा कॅलिब्रेट करावे.

आता प्रत्यक्ष छपाई. इथे प्रश्न एकच विचारायचा : रूपांतर कोण करणार? एक तर संपादनाचा प्रोग्रॅम करील, नाही तर प्रिंटरचा ड्रायव्हर करील; दोघांनी केले तरी घोळ होतो आणि कोणीच केले नाही तरी होतो. रंगांची जबाबदारी फोटोशॉपकडे देऊन योग्य प्रोफाइल निवडले, पण ड्रायव्हरमधील रंगसुधारणा बंद करायची राहिली, तर एकदा रूपांतरित झालेले आकडे ड्रायव्हर मूळ आकडे समजून पुन्हा बदलतो. परिणामी येणारी मॅजेंटाकडे झुकलेली, जडशीळ छपाई ज्याने एकदा पाहिली आहे, तो ती पुढे दुरूनही ओळखतो. माझी पसंती प्रोग्रॅमकडे जबाबदारी देण्याला आहे, कारण तिथे रेंडरिंग इंटेंट, म्हणजे कागदाला न झेपणारे रंग कसे बसवायचे याची पद्धत, निवडता येतो आणि निकाल आधी पाहता येतो.

प्रिंटरचे प्रोफाइल म्हणून जे म्हटले जाते ते खरे तर प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमधील मीडिया टाइप या चौघांच्या एका विशिष्ट जोडणीचे प्रोफाइल असते. यातल्या मीडिया टाइपकडे सर्रास दुर्लक्ष होते. कागदावर किती शाई सोडायची हे त्या निवडीवर ठरते. कागद बनवणाऱ्याने प्रोफाइल ज्या मीडिया टाइपवर बनवले तो त्याच्या सूचनापत्रात दिलेला असतो, आणि नावाने दुसरा एखादा पर्याय अधिक योग्य वाटला तरी तोच निवडावा. तयार प्रोफाइल पुरेसे जुळत नसेल तर चाचणीचा तक्ता छापून छापील रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरने स्वतःच्या प्रिंटरचे प्रोफाइल बनवता येते. हा तक्ता छापताना मात्र दोन्हीकडचे रंग व्यवस्थापन बंद ठेवावे लागते, आणि मोजण्यापूर्वी शाई पूर्ण वाळू द्यावी लागते, कारण ओल्या व वाळलेल्या शाईचे मोजमाप एकसारखे येत नाही.

रेंडरिंग इंटेंट चार आहेत, पण छायाचित्रांसाठी दोनच विचारात घेण्यासारखे. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक कागदाच्या आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवतो आणि बाहेरचे रंग कडेला आणून बसवतो. पर्सेप्च्युअल सगळेच रंग थोडे थोडे आकसून घेतो, म्हणजे त्यांचे परस्परांतले अंतर टिकते. पर्सेप्च्युअल आपल्या चित्राकडे पाहून हे करत असेल, असा एक गोड समज आहे. तसे नाही. आकसण्याचे तक्ते प्रोफाइल बनवतानाच ठरून गेलेले असतात. चित्रात एकही भडक रंग नसला तरी ते तितकेच आकसले जाते. शिवाय एसआरजीबी किंवा ॲडोबी आरजीबीच्या नेहमीच्या प्रोफाइलांत असे तक्तेच नसतात, त्यामुळे या दोघींमध्ये रूपांतर करताना पर्सेप्च्युअल निवडले तरी प्रत्यक्षात रिलेटिव्ह कलरिमेट्रिकच होते. मी बहुतेक चित्रांना ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनसह (म्हणजे चित्रातला सर्वांत गडद काळा कागदावरच्या सर्वांत गडद काळ्याशी जुळवून) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक लावतो, आणि एखाद्या फुलाच्या पाकळ्यांतले बारकावे सपाट होताना दिसले तरच दुसऱ्याकडे वळतो. हे दिसते ते सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छपाई कशी येईल याच्या पडद्यावरच्या नमुन्यात. त्यातला कागदाचा रंग दाखवणारा पर्याय चालू करताच चित्र एकदम मरगळते, आणि अनेक जण घाबरून तो लगेच बंद करतात. तो चालू करताना क्षणभर नजर दुसरीकडे वळवावी, पडद्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या आणि मेन्यू लपवावेत, आणि डोळा स्थिरावल्यावर चित्राकडे पाहावे. मग तेच चित्र कागदावर दिसेल त्याच्या बरेच जवळ जाते. गामटबाहेरचे रंग करड्या डागांनी दाखवणारा इशारा मात्र मी फारसा मनावर घेत नाही. रंग किती बाहेर आहे हे तो सांगत नाही, आणि ते डाग घालवण्यासाठी हाताने केलेली रंगकपात बहुधा इंटेंटच्या कामापेक्षा वाईट उतरते.

ऑफसेट छपाईसाठी फाइल द्यायची असेल तर सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांची मांडणी, येते, आणि तिथे घाई करू नये. सीएमवायके असा कोणताही एकच रंगसंच नाही. फोग्रा ३९ या ऑफसेट छपाईच्या प्रमाणित मोजमापांवर आधारलेले गुळगुळीत कागदाचे प्रोफाइल आणि वृत्तपत्राच्या कागदाचे प्रोफाइल यांच्यात एकाच रंगाचे शाईचे प्रमाण सर्वस्वी निराळे येते. चारही शायांच्या टक्केवारीची बेरीज किती चालेल तेही कागदावर ठरते : गुळगुळीत कागदावर साधारण ३०० ते ३३० टक्के, तर वृत्तपत्राच्या कागदावर २२० ते २४० टक्के. त्याहून जास्त शाई वाळत नाही आणि मागच्या कागदाला लागते. म्हणून छापखान्याला प्रोफाइल विचारल्याशिवाय रूपांतर करू नये, मूळ आरजीबी फाइल नेहमी वेगळी जपून ठेवावी, आणि एका सीएमवायकेतून दुसऱ्या सीएमवायकेत जाणे टाळावे. तसे केल्यास केवळ काळ्या शाईत असलेला मजकूर चार शायांत विखुरतो आणि शायांच्या छापांची एकमेकांवरची जुळणी केसभर जरी सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा दिसतात. पडद्यावरचा गर्द निळा इथे जांभळट होतो, तेही याच टप्प्यावर. तो रंग सीएमवायकेच्या आवाक्याबाहेर असतो, आणि लॅबच्या मांडणीत निळ्याची तीव्रता सरळ रेषेत कमी केली की डोळ्याला तो जांभळ्याकडे सरकलेला भासतो. मॅजेंटाचे प्रमाण हाताने थोडे उतरवणे, हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय.

प्रकाशाचा विचार न करता पडदा आणि कागद यांची तुलना होऊच शकत नाही. आयएसओ ३६६४ या मानकानुसार छपाई डी५० या दिवसाच्या उजेडासारख्या प्रमाणित प्रकाशात पाहायची असते. बारीक तुलनेसाठी २,००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीसाठी ५०० लक्स. पिवळसर दिव्याखाली जुळलेले दोन रंग खिडकीच्या उजेडात वेगळे दिसू शकतात. त्यात पुन्हा पुष्कळशा पांढऱ्याशुभ्र कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर मिसळलेले असतात. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे असा कागद दिवसाच्या उजेडात शुभ्र, साध्या एलईडीखाली मळकट आणि काही वर्षांनी पिवळट दिसू शकतो. भिंतीवर कायम लावायच्या कृष्णधवल चित्रांसाठी मी ब्राइटनर नसलेला कागद घेतो, जरी तो सुरुवातीला थोडा सायीसारखा वाटला तरी.

इतके करूनही छपाई चुकली, तर दोष शोधण्यासाठी एक तयार चाचणीचित्र जवळ असावे, ज्यात निरनिराळ्या त्वचेचे चेहरे, करड्या छटांची पट्टी आणि काही गर्द रंग असतील. मॉनिटरकडे न पाहता ते त्याच कागदावर, त्याच सेटिंगने छापावे. ते चित्र नीट उतरले आणि आपले चुकले, तर प्रिंटरचा मार्ग ठीक आहे. तेव्हा फाइलचे प्रोफाइल आणि मॉनिटरचा उजेड तपासावा. चाचणीचित्रावरही झाक आली, तर आधी नॉझल चेक (शाईची छिद्रे तुंबली आहेत का याची तपासणी), मग मीडिया टाइप, मग दुहेरी रूपांतर आणि सर्वांत शेवटी प्रिंटरचे प्रोफाइल, या क्रमाने पाहत जावे.